कारणाच्या रकान्यात काय लिहायचं?

२०२४-२५ मध्ये आमच्या शाळेचं यू-डायसचं काम, म्हणजे शाळेची आणि मुलांची माहिती सरकारी संकेतस्थळावर भरायचं काम, माझ्याकडे आलं. आधी हे काम बघणाऱ्या बाई निवृत्त झाल्या आणि संगणकाचं थोडंफार येतं म्हणून मुख्याध्यापक सरांनी माझं नाव घातलं. त्याच महिन्यात माझ्या वर्गातला एक मुलगा शाळेत यायचा बंद झाला. त्याचं वर्षभराचं प्रकरण आणि माझं माहिती भरायचं काम असं काही एकमेकांत गुंतलं, की आता एकाबद्दल लिहायचं तर दुसऱ्याबद्दल लिहावंच लागेल. वर्गातलं मूल निरीक्षणगृहात, म्हणजे आपण ज्याला रिमांड होम म्हणतो तिथे, गेलं तर शाळेने कागदोपत्री काय करायचं, हे मला तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. पुढे ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी एक सांगते. मुलाची इयत्ता, वस्ती, घरातली माणसं यांतलं काही मी गाळलं आहे, काही बदललं आहे. त्याच्याशी जोडलेल्या तारखाही थोड्या पुढेमागे केल्या आहेत. काय घडलं होतं, तेही लिहिणार नाही. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही छापायला किंवा पसरवायला बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'अमक्याचं कळलं का' असं टाकणाऱ्या प्रत्येकाने हे कलम एकदा वाचावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पालखी पुण्यातून गेली आणि त्यानंतरच्या आठवड्यात, ८ जुलैपासून तो गैरहजर. पहिले चार दिवस मी काही केलं नाही. पावसाळ्यात मुलं आजारी पडतात, काही गावी जातात. दुसऱ्या आठवड्यात आईच्या नंबरवर फोन लावला, तो बंद. वर्गातल्या मुलांना विचारलं तर सगळी गप्प. मुलांना माहीत असतं आणि ती सांगत नाहीत, तेव्हा काहीतरी गंभीर आहे असं समजावं, हे मी सतरा वर्षांच्या नोकरीत शिकले आहे.

२५ जुलैला शाळा सुटल्यावर त्याच्या घरी जायचं ठरवलं होतं. पण त्या दिवशी खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत पाणी शिरलं आणि शाळांना सुट्टी जाहीर झाली. जाणं झालं २७ तारखेला. आई घरकामं करतात, चारच्या आत घरी नसतात, हे तिथे गेल्यावर कळलं. दाराशी दीड तास बसले. त्या आल्या, मला पाहून दचकल्या आणि म्हणाल्या, "गावी गेलाय बाई, आजीकडं." मी म्हटलं, "बरं. आल्यावर पाठवा." त्यांनी चहा केला. चहा पिताना त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

गृहभेटीची तारीख, वेळ आणि 'पालक भेटले' एवढंच मी माझ्या वहीत लिहिलं. ही वही पुढे फार उपयोगी पडली. कॅटलॉगमध्ये, म्हणजे हजेरीपत्रकात, शेरे लिहू नका. कॅटलॉग दहा हातांतून जातो. साधी शंभर पानी वही वेगळी ठेवा, तीही घरी.

३ ऑगस्टला पुन्हा गेले. या वेळी मावशीही होती आणि मावशीनेच तोंड उघडलं. "रिमांड होमला आहे बाई. येरवड्याला." आई रडायला लागल्या. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा, "शाळेत कळलं का?" मी म्हटलं, "ताई, मला कळलं. शाळेत कुणाला किती सांगायचं ते आपण ठरवू." तेव्हा बोलून गेले खरी, पण आपल्याला असं ठरवता येतं का, हे मलाच माहीत नव्हतं. त्या रात्री नीट झोप लागली नाही.

चार दिवसांनी परिविक्षा अधिकाऱ्यांचा (प्रोबेशन ऑफिसरचा) फोन आला. मुलाला बाल न्याय मंडळापुढे पहिल्यांदा हजर केलं की पंधरा दिवसांत सामाजिक तपास अहवाल द्यायचा असतो, असं कायदा सांगतो. आईने शाळेचं नाव सांगायला वेळ लावला म्हणून इथे उशीर झाला होता. मग त्या अधिकारी स्वतः आमच्या शाळेत आल्या. साध्या वेशात आल्या आणि गेटवर 'पालक' म्हणून नोंद केली, याचं मला फार बरं वाटलं. मी विचारलं, "अटक कधी झाली?" त्यांनी शांतपणे दुरुस्त केलं, "अटक, आरोपी, गुन्हेगार हे शब्द आपण मुलांसाठी वापरत नाही, मॅडम. कायद्यातच तसं म्हटलंय." कलम ३ मध्ये मूलभूत तत्त्वं दिली आहेत, त्यांत हे आहे. मी नंतर सगळं कलम वाचून काढलं. त्यातच पुढे 'नवी सुरुवात' असं एक तत्त्व आहे. अपवाद सोडता मुलाच्या जुन्या नोंदी पुसल्या जाव्यात, असा त्याचा अर्थ.

त्यांना आमच्याकडून तीन गोष्टी हव्या होत्या: मागच्या दोन वर्षांची हजेरी, वर्गशिक्षिकेचं मत आणि जन्मतारखेचा दाखला. तिसऱ्या गोष्टीने मला घाम फोडला.

झालं असं होतं. आधारशी न जुळणाऱ्या मुलांची यादी त्याच आठवड्यात माझ्या हातात आली होती. आमचा पट ६४८, त्यातली ३७ नावं जुळत नव्हती. कुणाच्या आडनावाचं स्पेलिंग वेगळं, कुणाची जन्मतारीख वेगळी. त्या ३७ मध्ये या मुलाचंही नाव होतं. आधारवर १ जानेवारी आणि एक वर्ष अलीकडचं साल, जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या नोंदवहीत, वेगळी तारीख. आधार जुळलेल्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला मंजूर होणारी शिक्षकसंख्या, ठरते, संचमान्यतेवर शिक्षकांची पदं टिकतात. त्यामुळे शिक्षकखोलीत कुणीतरी सहज म्हणालं होतं, "रजिस्टरलाच आधारप्रमाणे करून टाका ना, कोण बघतंय." असं म्हणणारा माणूस वाईट नाही. त्याला एका सहकाऱ्याचं पद वाचवायचं होतं.

परिविक्षा अधिकाऱ्यांनी समजावलं ते असं. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे वय ठरवताना सगळ्यात आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतात. ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. या क्रमात आधार कुठेच नाही. काही प्रकरणांत सोळा पूर्ण आहेत की नाहीत यावर पुढची सगळी दिशा ठरते. शाळेत प्रवेश घेताना कुणीतरी कधीतरी लिहिलेली ती एक ओळ मुलाच्या बाजूचा पहिला पुरावा असते. जनरल रजिस्टरमधली तारीख शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाही, हा नियम मला पाठ होता. तो कशासाठी आहे, ते त्या दिवशी उमगलं. ३७ मुलांची आधार दुरुस्ती आम्ही पालकांना आधार केंद्रावर पाठवूनच केली. सप्टेंबरअखेर ९ राहिलीच. रजिस्टरला हात लावला नाही.

इथे एक उपयोगाची गोष्ट. मूळ रजिस्टर कुणालाही देऊ नका. उताऱ्याची साक्षांकित प्रत द्या, मागणीचं पत्र लेखी घ्या आणि ते पत्र आवक-जावकच्या उघड्या फायलीत न लावता मुख्याध्यापकांच्या कपाटात, बंद पाकिटात ठेवा. आवक नोंदीत विषय 'जन्मतारीख पडताळणीबाबत' एवढाच. खोटं काही नाही त्यात.

१२ ऑगस्टला केंद्रप्रमुख मॅडमचा, म्हणजे आमच्या भागातल्या शाळा बघणाऱ्या अधिकाऱ्यांचा, निरोप आला: सलग तीस दिवसांहून जास्त गैरहजर असलेल्या मुलांची यादी, कारणासह, दोन दिवसांत. आपल्याकडे शाळाबाह्य मूल म्हणजे कधीच शाळेत न गेलेलं किंवा सलग महिनाभर न आलेलं, अशी व्याख्या आहे. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं होतं, तेव्हा मीही वस्त्यांतून, सिग्नलवर फिरले होते. त्यामुळे ही व्याख्या अंगात मुरलेली. पण तेव्हा मी अनोळखी मुलं मोजत होते. आता माझ्या वर्गातलं मूल त्या व्याख्येत बसत होतं.

यादीच्या एक्सेलमध्ये कारणांचे पर्याय होते: स्थलांतर, मजुरी, भावंडं सांभाळणं, आजारपण, बालविवाह, इतर. मी 'इतर' निवडलं. शेऱ्यात लिहिलं, 'शाळा पालकांच्या संपर्कात आहे, गृहभेटी २.' दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन, "इतर म्हणजे काय? वर विचारतात." मी म्हटलं, "मॅडम, कारण मला माहीत आहे. मूल सुरक्षित आहे, शिक्षण चालू राहील असा प्रयत्न आहे. कारण कागदावर देता येणार नाही, कायद्याने अडतं." थोडा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "ठीक आहे. इतर ठेवा. गृहभेटींच्या तारखा जोडा, म्हणजे मला उत्तर देता येईल." मी वही काढली आणि तारखा दिल्या.

मला वाटतं, बहुतेक अधिकाऱ्यांना आपण काहीतरी करतोय याचा पुरावा हवा असतो, चटकदार कारण नको असतं. तारखा असतील तर ते पुढे रेटत नाहीत.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मी येरवड्याला गेले. परवानगीसाठी मुख्याध्यापकांचं पत्र, माझं ओळखपत्र आणि आई सोबत. आधीच्या दोन फेऱ्या पत्र पोहोचवायला आणि वेळ ठरवायला झाल्या होत्या. त्या बसने केल्या, दिवसभराचा पास तेव्हा ४० रुपयांचा होता. तिसऱ्या वेळी मेट्रोचं येरवडा स्थानक नुकतंच उघडलं होतं, त्यामुळे परतताना मेट्रोने आलो. दप्तरात बालभारतीची पुस्तकं, दोन वह्या आणि प्रथम घटक चाचणीची प्रश्नपत्रिका होती. कंपासपेटी आत नेता येत नाही, ती परत आणली. दोन तास थांबलो. आत मुलांचा वर्ग भरतो, तिथल्या शिक्षिकेने पुस्तकं पाहून नोंद केली आणि कुठपर्यंत शिकवलंय ते मला विचारून पेन्सिलीने खुणा केल्या.

तो आला. उंची वाढल्यासारखी वाटली, बहुधा बारीक झाला होता. आईशी बोलला. मग माझ्याकडे वळून एकच विचारलं, "बाई, माझं नाव कापलं का?"

"नाही. पटावर आहेस."

"खरंच?"

मी त्याला त्याचा हजेरी क्रमांक सांगितला. तो तसाच होता. बीजगणिताचं कुठलं प्रकरण आधी करायचं, यावर आम्ही उरलेली दहा मिनिटं बोललो. दुसरं काही बोलायला मला सुचलं नाही आणि त्यालाही ते बरं वाटलं असावं.

नाव पटावर होतं खरं, पण राहील याची खात्री नव्हती. परतल्यावर शाळेत चर्चा सुरू झाली. गोष्ट फुटली होती. दोन पालक येऊन गेले होते. कुणी सुचवलं, आईला बोलावून दाखला देऊन टाकावा, दुसरीकडे घालतील. मुलाचं वय चौदाच्या पुढे गेलेलं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ मुलाला शाळेतून काढायला मनाई करतं, पण ते आठवीपर्यंतच्या, सहा ते चौदा वयाच्या शिक्षणापुरतं. तो आधार मला घेता येत नव्हता, हे मी मोकळेपणाने मान्य केलं.

आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा रकाना असतो, 'शाळा सोडण्याचं कारण' असा रकाना असतो, आणि खाली शेरा. वर्षाच्या मधोमध निघालेला दाखला, आधीच्या दोन महिन्यांची कोरी हजेरी. पुढच्या शाळेतल्या कुठल्याही अनुभवी लिपिकाला त्या रकान्यांत न लिहिलेलंही वाचता येतं. आणि दाखला नेऊन त्याने दुसरीकडे प्रवेश घेतलाच नाही तर? यू-डायसमध्ये नाव ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे एक शाळा सोडलेल्या पण दुसरीकडे नोंद न झालेल्या मुलांच्या यादीत, पडून राहतं आणि वर्षअखेर ते मूल गळतीच्या आकड्यात जातं.

२९ ऑगस्टला मंडळाने त्याला आईच्या ताब्यात दिलं. कलम १८ प्रमाणे मंडळ मुलाला नियमित शाळेत जायचा आदेश देऊ शकतं. अंतिम निकाल लागायचा होता, पण शाळा चालू ठेवायची अट सुरुवातीलाच घातली गेली. ती बाब मी सरांपुढे ठेवली. सर अर्धा तास गप्प बसले. मग म्हणाले, "पालकांनी अर्ज केला नाही तर दाखला निघणार नाही. येणाऱ्या पालकांशी मी बोलतो." त्यांच्यावरही दबाव होता. त्यांनी हे एक वाक्य बोलायला किती बळ लावलं, ते मी समोर बसून पाहिलं आहे.

पण मुलगाच येईना. मावशीकडे राहायला गेला होता, तिथून शाळा लांब, आणि लाज. मी दोनदा गेले. दहा दिवस गणपतीत गेले. विसर्जन १७ सप्टेंबरला झालं आणि १९ ला सकाळी तो प्रार्थनेच्या रांगेत शेवटी उभा होता. वर्गात मी काही जाहीर केलं नाही. एका मुलीने विचारलं, "बाई, तो आजारी होता का?" म्हटलं, "तो परत आलाय. त्याला मराठीच्या वह्या दे." तिने दिल्या.

सप्टेंबर हा यू-डायसचा महिना, कारण माहितीचा संदर्भ दिनांक ३० सप्टेंबर. २०२२-२३ पासून प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद भरावी लागते: सामान्य माहिती, प्रवेशाची माहिती, मिळालेल्या सुविधा. पूर्वी इयत्तावार नुसते आकडे भरायचो. संकेतस्थळ दिवसा चालत नाही म्हणून मी पहाटे साडेपाचला बसायचे. ओटीपी सरांच्या फोनवर जायचा, त्यामुळे पहाटे त्यांनाही उठवायचं. सरांनी एकदाही कुरकुर केली नाही.

ड्रॉपबॉक्सबद्दल इथे सविस्तर लिहिते, कारण नव्याने काम हाती घेणारे हमखास हा भाग सोडून देतात. आमच्या शाळेतून आदल्या वर्षी बाहेर पडलेली आणि कुठेच न सापडणारी ९ नावं तिथे होती. आठवडाभर रोज संध्याकाळी मी एकेकाच्या घरचे फोन लावले. पाच मुलं चक्क शिकत होती. एक बार्शीत, बाकीची पुण्यातच. नव्या शाळांनी त्यांना वर्गात बसवलं होतं, पण दाखला मिळाला नाही म्हणून संगणकावर घेतलं नव्हतं. बार्शीच्या शाळेला मुलाचा अकरा अंकी पेन क्रमांक (यू-डायसमधला त्याचा कायमचा क्रमांक) आणि जन्मतारीख फोनवर दिली, दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याचं नाव संगणकावर आपल्या शाळेत ओढून घेतलं. पाच मिनिटांचं काम आणि एक मूल वर्षभर गळती म्हणून मोजलं जात होतं. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये स्पष्ट आहे. नव्या शाळांना हे नम्रपणे सांगावं.

उरलेल्या चौघांपैकी दोन मुली परत आल्या. एक घरी लहान भावाला सांभाळत होती, तिच्या आईला जवळची अंगणवाडी दाखवली. एक मुलगा सोळाचा, हॉटेलात कामाला. तो शाळेत यायला तयार नव्हता, त्याला बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म समजावून सांगितला. एकाचा ठावठिकाणा लागला नाही. त्याच्यासाठी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करून माहिती दिली. त्याचं नाव अजून त्या यादीत आहे.

३० सप्टेंबरला, सोमवारी, माझ्या वर्गातल्या त्या मुलाची नोंद पूर्ण केली. त्या संकेतस्थळावर निरीक्षणगृह विचारणारा एकही रकाना मला भरावा लागला नाही. प्रवेश याच शाळेत, मागच्या वर्षी याच शाळेत. हे अक्षरशः खरं होतं, आणि ते तसं खरं ठेवायला तीन महिने लागले होते.

पुढचे महिने शांत गेले. परिविक्षा अधिकाऱ्यांना दर महिन्याला हजेरीचं पत्र जायचं, बंद पाकिटात, शिपायाच्या हाती न देता मी स्वतः पोस्टात टाकायचे. मंडळाच्या तारखांना तो गैरहजर असायचा. आईला सांगितलं होतं, आदल्या दिवशी 'घरगुती कारणासाठी रजा' असा अर्ज द्या, म्हणजे कॅटलॉगमध्ये ती अर्जाची रजा होते आणि कुणी विचारत नाही. जानेवारीत तो सलग सहा दिवस आला नाही, तेव्हा माझं काळीज हललं. तारीख एकच होती, बाकी ताप. डॉक्टरांची चिठ्ठी मावशी स्वतः घेऊन आली. परिविक्षा अधिकाऱ्यांनी बालसंगोपन योजनेचा अर्जही भरून घेतला, महिना २,२५० रुपये. कागद जमवायला दोन महिने लागले. आईच्या दोन कामांवरच्या सुट्ट्या त्यात गेल्या. एकल पालकांनी हा अर्ज लवकर करावा.

माझा स्वतःचा खर्च वर्षभरात साधारण १,४०० रुपये झाला: प्रवास, झेरॉक्स, पाकिटं, टपाल. कुठे मागितला नाही, मागायला रकानाही नाही. पण नव्या शिक्षकांनी तो धरून चालावं.

वार्षिक परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या. निकालानंतर यू-डायसला प्रगतीची नोंद करायची असते: निकाल, टक्के, हजर दिवस, आणि पुढे काय. याच शाळेत, दाखला घेऊन गेला, की दाखला न घेता गेला. त्याच्या ओळीत मी ४७ टक्के आणि १२८ दिवस भरले. पहिला पर्याय निवडला. जतन करण्याचं बटण दोनदा दाबावं लागलं, पहिल्यांदा लॉगिन तुटलं.

१६ जून २०२५ ला शाळा उघडली. मधल्या सुट्टीत तो ऑफिसच्या खिडकीशी आला. मावशीकडून रोज बसने यायचं, पास काढायचा होता, बोनाफाइड हवं होतं. लिपिक रजेवर, म्हणून मीच पुस्तक उघडलं. जनरल रजिस्टर काढून नाव, जन्मतारीख, इयत्ता लिहिली. खाली एक ओळ होती, दाखला कोणत्या कारणासाठी हवा.

"काय लिहू?" मी विचारलं.

"पीएमपीचा पास," तो म्हणाला. मी तेच लिहिलं.